समृद्धी महामार्गावरील वेगमापन : पार्श्वभूमी

वाहनांचा वेग मोजण्याची सुरुवातीची रीत साधी होती. रस्त्यावर ठरावीक अंतराने दोन खुणा करायच्या आणि एका खुणेपासून दुसरीपर्यंत जायला गाडीला किती सेकंद लागले, ते थांबघड्याळावर पाहायचे. यातून मिळे तो सरासरी वेग. दुसऱ्या महायुद्धानंतर रडार रस्त्यावर आले आणि क्षणाचा वेग कळू लागला. गाडीवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता गाडीच्या वेगाप्रमाणे बदलते, यावर ते चालते. रडार रस्त्याशी २० अंशांचा कोन करून धरले, तर आकडा सुमारे ६ टक्के कमी येतो. म्हणजे ही चूक चालकाच्या फायद्याची असते, हे तक्रार करताना सहसा लक्षात घेतले जात नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १८३ नुसार एकाच साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर अतिवेगाची शिक्षा होत नाही. त्या अंदाजाला यांत्रिक साधनाचा आधार लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात इलेक्ट्रॉनिक साधनांचाही समावेश झाला.

नागपुरात हा विषय तापला तो ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाल्यावर. मोटारींसाठी कमाल वेग ताशी १२० किलोमीटर ठरला होता. अपघातांची मालिका सुरू होताच प्रवेश आणि निर्गमनाच्या वेळा ताडून पाहण्यात आल्या आणि अपेक्षेपेक्षा लवकर पोहोचलेल्या चालकांचे समुपदेशन करण्यात आले. जुनीच सरासरीची रीत नव्या रूपात परत आली होती. तिच्यावरचा आक्षेप मात्र रास्त आहे. १२० च्या वेगाने हे अंतर कापायला ४ तास २० मिनिटे लागतात. सलग १४० ने गाडी हाकणारा ३ तास ४३ मिनिटांत पोहोचतो. पण वाटेत चहा-जेवणाला ४० मिनिटे थांबला, तर हिशेबात तो नियम पाळणाराच ठरतो. उलट, एकाच जागी बसवलेला कॅमेरा पाठ झाला, की चालक तेवढ्यापुरता ब्रेक लावतात आणि पुढे पुन्हा वेग वाढवतात. अतिवेगाने जीव जात असताना या दोन्ही पळवाटा मोकळ्या ठेवणे परवडणारे नाही.

त्यामुळे संपूर्ण प्रवासाऐवजी, मध्ये थांब्याची सोय नसलेल्या छोट्या टप्प्यांच्या दोन्ही टोकांना कॅमेरे लावून प्रत्येक टप्प्याची सरासरी काढणे अधिक सयुक्तिक ठरते. वाटेत थांबण्याजोगे काही नसले, की वाचवलेला वेळ लपवायला जागा उरत नाही, आणि कॅमेऱ्यापुढे क्षणभर ब्रेक लावूनही सरासरी फारशी बदलत नाही.