अटलांटिकची पोकळी : पाणबुड्यांच्या मागावरची बॉम्बर विमाने

पाणबुडीविरुद्ध विमान वापरता येते हे पहिल्या महायुद्धातच कळले होते, पण दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९ मध्ये, जर्मन पाणबुड्यांविरुद्ध ब्रिटिश गस्ती विमानांना दिलेले खास बाँब जवळपास निरुपयोगी ठरले. त्यांच्या जागी आलेले डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली ठरावीक खोलीवर फुटणारे स्फोटक, हेही फार खोल जाऊन फुटत. पाणबुडी मात्र बहुधा पृष्ठभागाजवळच सापडे. १९४२ मध्ये स्फोटाची खोली २५ फुटांवर आणली गेली, आणि त्याच जूनपासून वेलिंग्टन विमाने रडारने हेरलेल्या पाणबुडीवर अखेरच्या क्षणी सर्चलाइट टाकून रात्रीही हल्ले करू लागली.

खरा प्रश्न पल्ल्याचा होता. डिझेलवर १७ नॉट वेगाने धावणारी पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर ७ नॉटही फार काळ टिकवू शकत नसे. म्हणून विमानाने तिला नुसती बुडी मारायला लावली, तरी व्यापारी ताफा तिच्या हातून निसटे. परंतु न्यूफाउंडलंड, आइसलँड आणि उत्तर आयर्लंड येथील तळांवरून मध्य अटलांटिकचा मोठा पट्टा आवाक्याबाहेर राही. तिथवर जाऊ शकणारे, जादा इंधनटाक्या बसवलेले लिबरेटर विमान सप्टेंबर १९४१ पासून हाती होते, पण जेमतेम एका तुकडीपुरते.

विमाने समुद्राकडे वळवण्याला विरोध करणाऱ्या, शत्रूच्या शहरांवरील बाँबवर्षावाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे, की पाणबुड्या समुद्रात शोधण्यापेक्षा त्यांचे कारखाने आणि तळच उद्ध्वस्त करावेत. १९४३ च्या आरंभी लोरियाँ आणि सेंट नाझेर ही जर्मन पाणबुड्यांचे तळ असलेली फ्रेंच शहरे बेचिराख झाली. काँक्रीटच्या जाड छपराखालच्या पाणबुड्या मात्र सुरक्षित राहिल्या. सेंटिमीटर रडारसाठीही, म्हणजे आखूड तरंगलांबीच्या नव्या रडारसाठीही, हीच ओढाताण झाली. ते आधी शहरांवर जाणाऱ्या विमानांना मिळाले आणि फेब्रुवारीत रॉटरडॅमजवळ कोसळलेल्या बॉम्बरमधून जर्मनांच्या हाती लागले. प्रश्न काही डझन विमाने वळवण्याचा होता, आणि त्या दिरंगाईची किंमत व्यापारी जहाजांवरच्या खलाशांनी मोजली. मार्च १९४३ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या दोनच ताफ्यांतली २२ जहाजे बुडाली.

त्यानंतर कुठे लिबरेटर विमानांची संख्या वाढली. न्यूफाउंडलंडमधल्या कॅनडाच्या वैमानिकांनाही ती त्याच वसंतात मिळाली. छोट्या विमानवाहू नौका, नवे रडार आणि उकललेले सांकेतिक संदेश यांची जोड मिळून मे महिन्यात ४१ जर्मन पाणबुड्या नष्ट झाल्या, आणि २४ मे रोजी उरलेल्यांना उत्तर अटलांटिकमधून माघारीचा हुकूम मिळाला. त्या उन्हाळ्यात बिस्केच्या उपसागरातून जाणाऱ्या पाणबुड्या बुडी न मारता विमानविरोधी तोफांनी उलट मारा करू लागल्या, तेव्हा कमी उंचीवरून सरळ चाल करणाऱ्या विमानांतले अनेक वैमानिक, तोफची आणि रेडिओचालक परतलेच नाहीत.