अर्धा चेहरा फडफडतो? इंजेक्शन की ऑपरेशन?

डोळा लवला की पुरुषाचा उजवा शुभ, बाईचा डावा शुभ, असे आपल्याकडे म्हणतात. चार-आठ दिवस पापणी फडफडून आपोआप थांबली, तर त्यामागे बहुधा जागरण, चहा-कॉफी किंवा दगदग असते. औषधाची गरज नसते. पण फडफड महिनोन्महिने चालू राहिली, हळूहळू त्याच बाजूचा गाल आणि ओठाचा कोपराही ओढला जाऊ लागला, झोपेतही थांबेना, तर तो हेमिफेशियल स्पाझम असू शकतो.

‘टेन्शन घेऊ नका’ हे ऐकून कंटाळलेले रुग्ण आमच्याकडे येतात. ताणाने झटके वाढतात, पण मूळ दुखणे मनाचे नाही. चेहऱ्याची नस मेंदूच्या बुडातून जिथे बाहेर पडते, तिथे बहुतेकदा एखादी रक्तवाहिनी तिच्यावर दाबून बसलेली असते. म्हणून आधी एमआरआय करतो. क्वचित तिथे गाठही निघते. दोन्ही डोळे एकदम घट्ट मिटत असतील तर तो ब्लेफरोस्पाझम. त्याला इंजेक्शन चालते, खाली सांगितलेले ऑपरेशन नाही.

इंजेक्शन बोटॉक्सचे. सुरकुत्यांसाठी देतात तेच. पण अमेरिकेत त्याला 1989 मध्ये पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी, सुरकुत्यांचा नंबर नंतर लागला. बारीक सुईने डोळ्याभोवती आणि गरजेप्रमाणे गालावर थोडे थोडे औषध टोचतो. भूल लागत नाही, काम पाच-दहा मिनिटांचे. त्या दिवशी ती जागा चोळू नका. फरक साधारण तीन ते सात दिवसांत जाणवतो आणि तीन-चार महिने टिकतो. मग पुन्हा टोचावे लागते. कधी पापणी जड होते, डोळा कोरडा पडतो, चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून ओघळते. हे काही आठवड्यांत ओसरते. गरोदर असाल, मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार) असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधीच सांगा.

ऑपरेशन आम्ही करत नाही, न्यूरोसर्जनकडे पाठवतो. पूर्ण भूल देऊन कानामागे छोटे छिद्र पाडतात आणि नस व रक्तवाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. दहापैकी आठ-नऊ जणांचे झटके जातात. काहींचे लगेच, काहींचे काही महिन्यांनी. धोका मुख्यतः त्या बाजूच्या कानाला, कारण ऐकण्याची नस अगदी शेजारी असते. चेहऱ्याला कमजोरी येणे, मेंदूभोवतीचे पाणी झिरपणे हेही कधी घडते.

आमचे मत विचाराल, तर सुरुवात इंजेक्शनने करा. वय झालेले, हृदयाचा त्रास असलेले यांनी त्यावरच राहावे. पण चाळिशीतल्या धडधाकट माणसाने, एमआरआयमध्ये दाब स्पष्ट दिसत असेल तर, न्यूरोसर्जनला एकदा तरी भेटावे. वर्षाला तीन-चार वेळा सुया आणि त्यांचा खर्च पुढची तीस वर्षे, हा हिशेब लहान नाही. इंजेक्शने घेतली म्हणून ऑपरेशनचा रस्ता बंद होत नाही.

येताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि झटका चालू असतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ आणा. डॉक्टरांसमोर बसले की नेमका चेहरा शांत होतो.