शक (कालगणना)

शक : महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश इ. प्रदेशांतील पंचांगांत रूढ असलेली कालगणना. आरंभ इ. स. ७८. वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेस पालटते. त्यामुळे शकवर्षात डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि तेथून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवले असता इसवी सन येतो.

शकाच्या प्रवर्तकाविषयी मतभेद आहेत. परंपरा हे श्रेय सातवाहन वंशातील मानल्या जाणाऱ्या शालिवाहन राजास देते. परंतु सातवाहनांचे लेख राजाच्या राज्यवर्षांनी कालनिर्देश करतात आणि ‘शालिवाहन’ हे नाव या गणनेस उत्तर मध्ययुगात जोडलेले दिसते. कुशाण सम्राट कनिष्क हा प्रवर्तक असल्याचे मत दीर्घकाळ प्रभावी होते. जर्मन भारतविद्यातज्ज्ञ हॅरी फाल्क यांनी २००१ मध्ये कनिष्काच्या गणनेचा आरंभ इ. स. १२७ च्या सुमारास दाखविल्यापासून ते मागे पडले आहे. कच्छमधील अंधौ येथील चष्टन या शकवंशीय राजाच्या काळातील लेखांत ११ व ५२ ही वर्षे येतात आणि तीच गणना पुढे पश्चिमी क्षत्रपांच्या (पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या शक राजांच्या) नाण्यांवर चौथ्या शतकापर्यंत चालू राहते. या सलग पुराव्यामुळे आरंभ चष्टनाच्या राज्यारोहणापासून मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नाशिक व जुन्नर येथील नहपान या क्षत्रपाच्या काळातील लेखांतील ४१ ते ४६ ही वर्षे मात्र याच गणनेची की त्याच्या राज्यकालाची, हा वाद मिटलेला नाही.

क्षत्रपांच्या लेखांत व नाण्यांवर केवळ आकडा असतो, ‘शक’ हा शब्द नसतो. शिलालेखांत तो बादामी येथे चालुक्य राजा पहिल्या पुलकेशीच्या शक ४६५ च्या लेखात स्पष्टपणे आढळतो. तेथीलच तिसऱ्या लेण्यातील चालुक्य राजा मंगलेशाचा लेख विशेष मोलाचा आहे : शकनृपतीच्या राज्याभिषेकापासून पाचशे वर्षे ‘अतिक्रान्त’ झाली असता, कार्तिक पौर्णिमेस, असा कालनिर्देश त्यात आहे. गणना शकराजाच्या अभिषेकापासूनची आहे व वर्ष ‘गत’ (पूर्ण होऊन गेलेले) धरले आहे, या दोन्ही गोष्टी या एकाच निर्देशातून कळतात. उलट, शकांच्या पाडावापासून ती सुरू झाली, ही भटोत्पलादी ज्योतिषग्रंथांच्या टीकाकारांची व्युत्पत्ती नंतरची म्हणावी लागेल. इतर लेखांत वर्ष गत की वर्तमान (चालू) हे न पाहता रूपांतर केल्यास एका वर्षाची चूक होते.

भारत सरकारने २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, शकवर्षावर आधारलेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका स्वीकारली.

मराठीत ‘शक’ हे कोणत्याही कालगणनेचे सामान्यनामही झाले. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शक, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शक १५९६ (इ. स. १६७४) पासून मोजला जाणारा, हे त्याचे ठळक उदाहरण होय.