वळूची पारख : मुलींच्या धारेपासून जनुकापर्यंत

दुधाळ गाईंच्या पैदाशीतली मूळ अडचण अशी आहे, की पुढच्या पिढीवर सर्वांत मोठा परिणाम करणारा वळू स्वतः दूध देत नाही. त्याच्याकडून दुधाचा कोणता वारसा उतरतो, हे त्याच्या मुलींच्या धारेतूनच कळते; आणि त्या कालवडी वाढून, गाभण राहून, विऊन पहिले वेत पुरे करीपर्यंत वळू पाच-सहा वर्षांचा झालेला असतो. डेन्मार्कमध्ये १८९५ साली सुरू झालेल्या दूधनोंदणीने या तुलनेला आकड्यांचा आधार दिला. चाऱ्याचा व निगेचा वाटा बाजूला काढून वंशाचा वाटा अजमावणारी गणिती पद्धत पुढे चार्ल्स हेंडरसन यांनी घडवली.

या साऱ्या हिशेबात जनुक मात्र कोणी पाहिला नव्हता. १९५५ साली अ‍ॅशाफेनबर्ग आणि ड्र्यूरी यांनी बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या दुधातील प्रथिनाची दोन रूपे वेगळी करून दाखवली, तेव्हा गाईगाईंमधला आनुवंशिक भेद प्रथमच थेट दुधात दिसला.

खरा उलगडा २००२ साली झाला. चौदाव्या गुणसूत्रावरील ‘डीजीएटी१’ हा जनुक स्निग्ध पदार्थ घडवणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा) आराखडा बाळगतो. त्या विकरात २३२व्या स्थानी लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) असले, तर दुधातील फॅट वाढते, पण दूध आणि प्रथिनांचे एकूण उत्पादन घटते. तिथे अ‍ॅलानिन हे दुसरे अमिनो आम्ल असले, की नेमके उलटे होते. दूध वाढले की पातळ होते, या धार काढणाऱ्यांच्या जुन्या अनुभवाचा एक धागा येथे हाती लागला. यातले चांगले रूप कोणते, हे माझ्या मते जनुक ठरवत नाही; दुधाचा दर लिटरवर मिळतो की फॅटवर, यावर ते ठरते.

असे ठळक जनुक थोडेच निघाले. बहुतेक फरक असंख्य जनुकांच्या बारीक परिणामांचा असतो. म्हणून संपूर्ण जनुकसंचावरील खुणा, म्हणजे जनावराजनावरांत वेगळ्या असणाऱ्या डीएनएमधल्या जागा, एकत्र मोजण्याची पद्धत म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी २००१ साली मांडली. २००९ पासून अमेरिकेत होल्स्टीन या दुधाळ जातीच्या वळूंचे अधिकृत मूल्यमापन तिच्या आधारे होऊ लागले, आणि वासराच्या वयातच निवड शक्य झाली.

याच खुणांनी एक दुखरी बाबही उघड केली. १९६२ साली जन्मलेल्या ‘चीफ’ या नामांकित होल्स्टीन वळूला सुमारे १६,००० मुली होत्या. त्याने भरघोस दुधाबरोबर ‘एपीएएफ१’ जनुकातील एक दोषही पसरवला होता. तो आई आणि बाप दोघांकडून आला, तर गर्भ पोटातच मरतो. जगभरात असे सुमारे पाच लाख गर्भ गेले असावेत, असा अंदाज आहे. आता रेतन करण्यापूर्वीच चाचणी करून दोषवाहक वळू आणि दोषवाहक गाय यांची जोडी टाळता येते.