घरात लहान कुत्रे असताना मोठ्या जातीचे पिल्लू आणताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरात आधीपासून पामेरियन, पग, शिट्झू किंवा डॅशहाऊंड आहे आणि आता लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर किंवा मुधोळ जातीचे पिल्लू आणायचे ठरले आहे, असे सांगणारे ग्राहक आमच्या दुकानात नेहमी येतात. गळपट्टा, भांडे आणि पिल्लाचा खुराक ते आठवणीने घेतात. दोन्ही जनावरांची गाठ कशी घालून द्यायची हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा ‘होईल हळूहळू सवय’ एवढ्यावरच सोडलेला असतो. या पत्रकात आम्ही त्याच प्रश्नाबद्दल सविस्तर लिहिले आहे.

बहुतेकांना काळजी वाटते ती पहिल्या दिवसाची. आमच्या मते अधिक जपण्याचा काळ पुढे, साधारण चौथ्या महिन्यापासून वर्षभरापर्यंतचा असतो. आठ आठवड्यांचे लॅब्राडोरचे पिल्लू सुमारे 4 ते 6 किलोचे असते. आपल्याकडे पामेरियन म्हणून जे पाळले जाते ते बहुधा भारतीय स्पिट्झ असते आणि त्याच्या लहान प्रकाराचे वजन साधारण 5 ते 7 किलो भरते. म्हणजे पिल्लू घरात येते तेव्हा दोघे जवळजवळ सारख्याच वजनाचे असतात. चार महिन्यांचे होईतो पिल्लू दुपटीच्या पुढे जाते आणि वर्षाच्या आत 25 ते 30 किलोचे होते, पण त्याची खेळण्याची रीत, अंगावर उडी घेणे, मानेला धरणे, पंजा मारणे, हे सारे पिल्लाचेच राहते. तोपर्यंत दोघांची मैत्री झालेली असते आणि घरची माणसे निर्धास्त झालेली असतात.

हे आम्ही स्वतः अनुभवले आहे. आमच्या घरी आठ वर्षांची स्पिट्झ कुत्री होती आणि तिच्या सोबतीला आम्ही लॅब्राडोर आणला. तो पाच महिन्यांचा झाला तेव्हा दोघे एकाच पोत्यावर झोपत असत. एका संध्याकाळी दाराची घंटी वाजली आणि दोघे एकदम सोप्यातून दाराकडे धावले. गुळगुळीत फरशीवर लॅब्राडोरला वेग आवरता आला नाही, त्याची धडक बसून कुत्री उंबऱ्यावर आपटली आणि तिचा पुढचा पाय मोडला. भांडण नव्हते, राग नव्हता, आणि त्याला काय घडले हेही कळले नव्हते. पाय बांधलेल्या अवस्थेत तिने काढलेले ते आठवडे आम्ही विसरलेलो नाही. त्या दिवसापासून सोप्यात आणि दाराजवळ आमच्याकडे जाड सतरंजी अंथरलेली असते, आणि घंटी वाजली की मोठ्या कुत्र्याने आपल्या जागेवर जाऊन बसायचे, हे आम्ही त्याला शिकवले.

पिल्लू आणण्यापूर्वी

आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू घेऊ नये. केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार तसे पिल्लू विकताही येत नाही. त्याचे कारण आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे. चावा किती जोरात घ्यायचा, समोरचा कळवळला की कधी सोडायचे, हे पिल्लू आपल्या आईकडून आणि भावंडांकडून याच आठवड्यांत शिकते. चार-पाच आठवड्यांचे असतानाच तोडून आणलेले पिल्लू हा धडा शिकलेले नसते आणि मग तो आपल्या लहान कुत्र्याच्या अंगावर गिरवला जातो.

घरातल्या कुत्र्याच्या वार्षिक लसी आणि रेबीजची लस चालू आहेत ना, हे आधी तपासावे. पारवो या आतड्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची लागण झालेले पिल्लू पहिले काही दिवस अगदी ठणठणीत दिसू शकते, आणि हा विषाणू जमिनीत व फरशीच्या सांध्यांत कित्येक महिने टिकतो. म्हणून पिल्लू आणले की ते आधी पशुवैद्याला दाखवावे, जंताचे औषध सुरू करावे, अंगावरच्या गोचिडी काढाव्यात, आणि त्याला जुलाब, उलटी किंवा खोकला असेल तर गाठ घालण्याचा विचार तेव्हापुरता बाजूला ठेवावा.

वेळेचाही विचार व्हावा. बेळगाव आणि विशेषतः खानापूरकडच्या पावसात जून ते सप्टेंबर कुत्री बाहेर फारशी निघत नाहीत, दोघांना दिवसभर एकाच छताखाली कोंडून राहावे लागते आणि किरकिर वाढते. गणपतीची मिरवणूक आपल्या शहरात दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि दिवाळीत फटाके असतात. घाबरलेले कुत्रे जवळ जे असेल त्यावर धावून जाते. शक्य असेल तर दिवाळी उलटल्यावर, कोरड्या थंडीच्या दिवसांत पिल्लू आणावे, असे आम्ही सुचवतो.

पहिली गाठ

पिल्लू यायच्या आदल्या दिवशी त्याच्या अंगाखालचे एखादे फडके आणून घरच्या कुत्र्याला हुंगू द्यावे, आणि घरच्या कुत्र्याचे फडके पिल्लाकडे पाठवावे. कुत्र्यांची खरी ओळख वासाने होते, नजरभेट नंतरची.

पहिली भेट घरात घालून देऊ नये. घर हा जुन्या कुत्र्याचा मुलूख असतो आणि तिथे अचानक परका शिरला की तो राखण करू लागतो. त्याचबरोबर, पिल्लाच्या लसी पूर्ण झालेल्या नसताना त्याला भटकी कुत्री फिरतात अशा मैदानावर किंवा रस्त्यावर नेणेही धोक्याचे आहे. यावर सोपा उपाय म्हणजे एखाद्या नातेवाइकाचे बंदिस्त आवार, किंवा आपलीच गच्ची, जर जुने कुत्रे एरवी तिथे जात नसेल तर. दोन माणसे, दोन दोऱ्या, आणि मध्ये सात-आठ पावलांचे अंतर ठेवून दोघांना एकाच दिशेने शेजारी-शेजारी चालवावे. अंतर हळूहळू कमी करावे. दोरी ताणून धरू नये, कारण ताणलेल्या दोरीने कुत्र्याचेही अंग ताणले जाते. लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते. त्यांना गळपट्ट्याऐवजी छातीभोवतीचा हार्नेस घालावा. पहिली हुंगाहुंगी तीन-चार सेकंदांची पुरे. मग दोघांना गोड बोलून बाजूला घ्यावे आणि थोड्या वेळाने पुन्हा जवळ आणावे.

लहान कुत्र्याला या वेळी उचलून कडेवर घेण्याचा मोह होतो. तसे करू नये. उचललेल्या कुत्र्याकडे पिल्लू उड्या मारू लागते, आणि पळून जाण्याची वाट बंद झालेले लहान कुत्रे वरूनच चावायला बघते.

गुरगुरण्याबद्दल

आमच्याकडे येणारी सर्वांत सामान्य तक्रार अशी असते की जुने कुत्रे पिल्लावर गुरगुरते, म्हणून घरच्यांनी त्याला रागावले किंवा चापट मारली. कृपया असे करू नये. गुरगुरणे म्हणजे ‘आता पुरे’ एवढेच सांगणे असते. ते सांगण्यावर मार बसला तर कुत्रे सांगणे सोडून देते आणि पुढच्या खेपेला न सांगताच चावते. जुन्या कुत्र्याने एकदा भुंकून किंवा दात दाखवून पिल्लाला मागे सारले आणि पिल्लू खरोखरच मागे सरले, तर तो उत्तम धडा झाला असे समजावे. पिल्लू मागे सरत नसेल, तर रागवायचे ते कुणालाच नाही. पिल्लाला उचलून दुसऱ्या खोलीत न्यायचे.

गुरगुरण्याच्याही आधी लहान कुत्रे बरेच काही सांगत असते. झोप आलेली नसताना जांभया देणे, ओठ चाटणे, तोंड फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, शेपूट पोटाखाली घेणे, अंग ताठ करून थिजून उभे राहणे, या खुणा घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, ओळखता आल्या पाहिजेत. खेळ दोघांच्या मर्जीचा आहे की एकाच्या, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. पिल्लाला क्षणभर धरून ठेवावे. लहान कुत्रे आपणहून पुढे आले, पुढचे पाय टेकून पाठ वर केली, तर त्याला खेळायचे आहे. ते खाटेखाली निघून गेले तर खेळ संपला.

घरातील व्यवस्था

पहिले निदान तीन महिने दोघांना लक्ष ठेवणारे माणूस नसताना एकत्र सोडू नये. यासाठी महागडे सामान लागत नाही. सुताराकडून दाराच्या चौकटीत बसेल असा दोन-अडीच फूट उंचीचा लाकडी अडसर करून घ्यावा आणि त्याच्या खालच्या बाजूला लहान कुत्रे निघून जाईल पण पिल्लू जाणार नाही एवढी फट ठेवावी. पिल्लू वाढेल तशी ही फट अधिक उपयोगी ठरते. अडसराची उंची मात्र पिल्लाच्या उडीबरोबर वाढवावी लागते. एकाला साखळीने बांधून दुसऱ्याला मोकळे सोडणे मात्र पूर्णपणे टाळावे, कारण बांधलेल्या लहान कुत्र्याला पळता येत नाही आणि बांधलेले पिल्लू चिडखोर होते. पिल्लाला दिवसातून 18 ते 20 तास झोप लागते. त्याची झोपण्याची जागा वेगळी असली की जुन्या कुत्र्यालाही तेवढा निवांतपणा मिळतो.

खाणे वेगळ्या खोल्यांत द्यावे आणि भांडी लगेच उचलावीत. यात भांडण टाळणे हे एक कारण झाले. दुसरे तितकेच मोठे आहे. मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडे साधारण दीड वर्षापर्यंत वाढत असतात. या काळात जास्तीचा कॅल्शियम आणि जास्तीचे वजन दोन्ही सांध्यांना घातक ठरतात, म्हणून त्यांचा खुराक वेगळा बनवलेला असतो. लहान जातीच्या कुत्र्याचा खुराक कमी घासांत जास्त शक्ती देणारा असतो. तो पिल्लाने रोज चोरून खाल्ला तर ते फाजील वेगाने वाढते. कॅल्शियमच्या बाटल्या आम्ही विकतो, तरीही पशुवैद्याने लिहून दिल्याखेरीज मोठ्या जातीच्या पिल्लाला त्या देऊ नयेत असे आम्ही स्पष्ट सांगतो. केवळ दूध-भाकरीवर त्याला वाढवणेही योग्य नाही.

पग आणि शिट्झू यांच्या बाबतीत एक विशेष सूचना आहे. या चपट्या तोंडाच्या जातींच्या डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात, आणि पिल्लाने खेळताना मानेची कातडी धरून झटका दिला तरी डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो. असे झाल्यास ओले स्वच्छ फडके डोळ्यावर ठेवून तत्काळ दवाखाना गाठावा. डोळा स्वतः आत ढकलू नये. डॅशहाऊंडच्या बाबतीत जपायची ती पाठ. पिल्लाला त्याच्या पाठीवर चढू देऊ नये.

मुधोळ जातीविषयी

शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील ही जात आपल्या भागात अनेकांच्या मळ्यांवर दिसते, आणि आम्हाला तिचा अभिमानही आहे. मात्र मुधोळ कुत्रे नजरेने शिकार करणारे आहे. सशासारखे लहान जनावर पळताना दिसले की त्यामागे झेपावणे त्याच्या रक्तात आहे. घरातल्या लहान कुत्र्याला ते ओळखते, त्याच्याजवळ झोपते, तरी मोकळ्या शेतात तेच लहान कुत्रे किंचाळत पळाले तर पाठलागाची ऊर्मी क्षणात जागी होऊ शकते. म्हणून घरात दोघे कितीही गुण्यागोविंदाने राहत असले, तरी उसाच्या बांधावर त्यांना एकत्र मोकळे सोडू नये.

वयात येताना

याविषयी ग्राहक संकोचाने बोलत नाहीत, म्हणून आम्ही लिहितो. मोठ्या जातीचे नर पिल्लू सहा ते नऊ महिन्यांत वयात येऊ शकते. घरात लहान जातीची मादी असेल आणि तिची नसबंदी झालेली नसेल, तर माजाच्या सुमारे तीन आठवड्यांत दोघांना बंद दाराआड वेगळे ठेवावे. मोठ्या नरापासून राहिलेल्या गर्भात पिल्ले तिच्या अंगाच्या मानाने फार मोठी होऊ शकतात, बाळंतपण अडते आणि तिच्या जिवावर बेतते. नसबंदी केव्हा करावी हे पशुवैद्याला विचारावे, कारण मोठ्या जातींत हाडांची वाढ लक्षात घेऊन वय ठरवले जाते.

भांडण जुंपलेच तर मध्ये हात घालू नये. बादलीभर पाणी ओतावे, जाड चादर टाकावी किंवा मध्ये फळी सरकवावी. माणसाला दात लागून कातडी फाटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि कुत्रे घरचे असले तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावी.

शेवटी आपल्या भागापुरती एक गोष्ट. घरात आजी ‘ये’ म्हणते, शेजारचे काका कन्नडमध्ये ‘बा’ म्हणतात आणि शाळेतून आलेली मुले ‘कम’ म्हणतात. माणसांना तिन्ही भाषा समजतात. पिल्लाला मात्र ऐन धावपळीत, लहान कुत्र्याच्या अंगावर झेप घेण्याच्या क्षणी, एकच शब्द ओळखता आला पाहिजे. तो कोणत्याही भाषेतला चालेल. घरातल्या सर्वांनी बसून तो ठरवावा, कागदावर लिहून दारामागे लावावा आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावा.

पिल्लाचे वजन दर पंधरवड्याला करून घेण्यासाठी आमच्या दुकानातील काटा विनामूल्य उपलब्ध आहे. वजन करायला येताना पिल्लाला एकटेच आणावे. दुकानात इतर कुत्री येतात, आणि दोघांना एकदम सांभाळणे तेथे कठीण होते.