परवाना संपलेले डिजिटल गेम

व्हिडिओ गेममधली गाणी, गाड्यांचे ब्रँड, संघांची नावे किंवा चित्रपटातली पात्रे बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मालकीची असतात आणि प्रकाशकाला ती ठरावीक मुदतीसाठीच वापरता येतात. भारतातही लेखी परवान्यात मुदत लिहिलेली नसेल, तर कॉपीराइट कायद्यानुसार ती 5 वर्षे धरली जाते. मुदत संपून नूतनीकरण झाले नाही, की गेम ऑनलाइन दुकानातून निघतो. आधी घेतलेल्यांना तो बहुधा पुन्हा डाउनलोड करता येतो.

‘फोर्झा होरायझन 4’ या मोटार शर्यतीच्या गेमची डिजिटल विक्री 15 डिसेंबर 2024 रोजी थांबली. कंपनीने ते जूनमध्येच जाहीर केले होते. सगळ्याच प्रकाशकांनी एवढे तरी करायला हवे. गाण्यांच्या हक्कांमुळे 2017 मध्ये काढलेला ‘ॲलन वेक’ नवा करार होऊन पुढच्या वर्षी परतला. ‘जीटीए 4’मध्ये वेगळेच घडले. गेम विक्रीत राहिला, पण 2018 च्या अपडेटने गेममधल्या रेडिओवरची कित्येक गाणी काढून टाकली, आणि ती पैसे मोजून घेतलेल्या जुन्या प्रतींतूनही गेली. ग्राहकावर याहून मोठा अन्याय कोणता?

अधिकृत विक्री थांबली तरी व्यवहार थांबत नाही. जुन्या डिस्क फिरत राहतात. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात टाकले की गेम मिळतो, असे आधीच काढलेले कोडही मागे उरतात: पाच-पाच अक्षरांचे तीन गट, व्हॉट्सॲपवर येणारे. गेम दुकानात दिसत नसला तरी असा कोड बहुधा चालतो, म्हणून दुर्मीळ कोडची किंमत चढते. मात्र तो वापरलेला निघाला किंवा कंपनीने रद्द केला, तर नुकसान घेणाऱ्याचे होते.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरकडे संगणक दुरुस्तीच्या दुकानात विंडोज टाकून घेताना ‘दोन-चार गेम पण टाकून द्या’ असे सर्रास सांगितले जाते. दुकानदार हार्डडिस्कवरचा फोल्डर कॉपी करून देतो. त्यात हमखास सापडतो तो 2006 सालचा ‘क्रिकेट 07’. तो काढणाऱ्या ईए स्पोर्ट्सने त्यानंतर संगणकासाठी क्रिकेटचा नवा गेम आणलाच नाही, त्यामुळे पोरे चाहत्यांनी बनवलेले पॅच, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या फायली, घालून त्यातच आजचे आयपीएल संघ खेळवतात. त्यांना सरसकट चोर म्हणणे मला पटत नाही. पैसे द्यायची तयारी असली तरी ते घेणारे अधिकृत दुकानच उरलेले नाही.

कायदा मात्र ही सबब मानत नाही. विक्री बंद झाली म्हणून कॉपीराइट संपत नाही. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63 खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. धंदा म्हणून पेनड्राइव्ह भरून देणाऱ्याने हे ओळखून असावे.

कोड घेऊन फसलेल्याला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेच दाद मागता येते; विकणारा बेंगळुरूचा असला तरी बीड किंवा हिंगोलीचा ग्राहक आपल्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही. पावती, यूपीआय व्यवहाराचा क्रमांक आणि कोड आलेला मेसेज मात्र जपून ठेवावा लागतो.