परिवहन अभियांत्रिकीसाठी प्रवेश अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि विदर्भातील विद्यार्थ्यांनी घ्यावयाची काळजी

रस्ते, लोहमार्ग, विमानतळ, बंदरे आणि अंतर्गत जलमार्ग यांचे नियोजन, आखणी, बांधणी व देखभाल हा परिवहन अभियांत्रिकीचा विषय आहे. विदर्भातील विद्यार्थ्याला तो परका वाटण्याचे कारण नाही. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, त्यामुळे वरचे डांबर चांगले असूनही गावाकडचा रस्ता लवकर खचतो. अशा मातीची ताकद सीबीआर चाचणीने (माती किती भार पेलते हे दाखवणाऱ्या चाचणीने) मोजणे, तिच्यात चुना मिसळणे किंवा वरचा थर काढून मुरूम भरणे हे या शास्त्राचे सुरुवातीचे धडे आहेत. नागपूरहून निघणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आणि नागपूरचे विमानतळ आपल्या डोळ्यांसमोर आहेत. २०१६ च्या कायद्याने घोषित झालेल्या राष्ट्रीय जलमार्गांमध्ये वर्धा-पैनगंगा आणि वैनगंगा-प्राणहिता या आपल्या नद्याही आहेत.

पदवीच्या पातळीवर या नावाची स्वतंत्र शाखा सहसा नसते. अर्ज स्थापत्य अभियांत्रिकीसाठी, म्हणजे सिव्हिलसाठी, करावा लागतो आणि परिवहन हा त्यातील एक विषयगट असतो. त्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली वाट दहावीनंतर तीन वर्षांच्या पदविकेची असून तिचा प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत दहावीच्या गुणांवर होतो. पदविका किमान ४५ टक्के गुणांनी, राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के गुणांनी, उत्तीर्ण झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि त्यासाठी सीईटी, म्हणजे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, द्यावी लागत नाही. शिकवणीचा आणि शहरात राहण्याचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबाने या वाटेचा विचार आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी वाट बारावी विज्ञाननंतरची आहे. तिच्यासाठी भौतिकशास्त्र व गणितासह तीन विषयांत किमान ४५ टक्के (राखीव प्रवर्गास ४० टक्के) गुण आणि एमएचटी-सीईटी आवश्यक आहे. अमरावती, नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत फेऱ्यांतून होतात. नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी (विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसाठी) मात्र जेईई मेन ही देशपातळीवरील परीक्षा द्यावी लागते.

अर्जासोबत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, राष्ट्रीयत्वाचा पुरावा व अधिवास प्रमाणपत्र लागते. शुल्क सवलतीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडावा. इतर मागास, विमुक्त-भटक्या, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उन्नत गटात नसल्याचे, प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याची मुदत ३१ मार्चला संपत असल्याने मुदत संपलेले जुने प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

खरी अडचण जात वैधता प्रमाणपत्राची असते. गुण असूनही केवळ या एका कागदामुळे राखीव जागा हातची जाऊ शकते, म्हणून त्याचा अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे करावा. अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र समिती आहे. पडताळणीत वडील, आजोबा व पणजोबांपर्यंतचे पुरावे पाहिले जातात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीची नोंद महत्त्वाची ठरते. आजोबा शाळेत गेले नसतील, तर शाळेच्या दाखल-खारीज नोंदीऐवजी तहसीलच्या अभिलेखागारातील कोतवाल बुकाची नक्कल काढावी. जन्म-मृत्यूच्या त्या जुन्या नोंदीत वडिलांचे नाव, गाव आणि जात एकाच ओळीत सापडते. नोंदीतील ‘पुंडलिक’ आणि आधार कार्डावरील ‘पुंडलीकराव’ एकच असल्याचे शपथपत्र, तसेच वंशावळीचे शपथपत्र, आधीच तयार ठेवावे.

सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर नोंदणी केल्यानंतर कागदपत्रे अपलोड करून त्यांची छाननी घरबसल्या किंवा सुविधा केंद्रात करून घेता येते. तात्पुरत्या गुणवत्ता यादीत प्रवर्ग चुकीचा दिसल्यास हरकतीच्या मुदतीतच तक्रार नोंदवावी, कारण अंतिम यादीनंतर दुरुस्ती अवघड होते. पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकावर खरोखर हवे तेच महाविद्यालय टाकावे. पहिल्या फेरीत तेच मिळाल्यास जागा आपोआप निश्चित होते आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असणाऱ्यांनी शिक्षण शुल्क माफी योजनेच्या (टीएफडब्ल्यूएस) जागांचे वेगळे संकेतांक पसंतीक्रमात न विसरता भरावेत. जागा मिळाल्यावर स्वीकृती शुल्क भरून मूळ कागदपत्रांसह मुदतीत महाविद्यालयात हजर राहावे लागते. शुल्क प्रतिपूर्तीचा अर्ज मात्र राज्य शासनाच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवर स्वतंत्रपणे करावा लागतो. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, एसईबीसी व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

केवळ परिवहन अभियांत्रिकीत शिक्षण घ्यायचे असल्यास व्हीएनआयटीत या विषयाचा एमटेक अभ्यासक्रम उपलब्ध आहे. त्यासाठी गेट ही अभियांत्रिकी पदवीधरांची देशपातळीवरील परीक्षा द्यावी लागते. तिचा गुणांक तीन वर्षे ग्राह्य धरला जातो आणि प्रवेश सीसीएमटी, म्हणजे एमटेकच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून होतो.